फळ्यावरचं नाव

रविवार, २१ नोव्हेंबर २००४, सकाळी सव्वासात
हडपसर

प्रिय संपत,

हे लिहायला बसण्याआधी मी चौकातला आपल्या मंडळाचा फळा ओल्या फडक्याने पुसत होतो. तसा तो कोराच असतो. गेल्या डिसेंबरपासून त्यावर मंडळाने काही लिहिलेलं नाही. तरी दर रविवारी पुसतो, कारण कोरा फळा दिसला की लोकांना राहवत नाही. आज कोणीतरी खडूने 'रूम भाड्याने मिळेल, फक्त फॅमिली' असं लिहून खाली मोबाइल नंबर दिला होता.

तुझा फोन लागतो, पण तू उचलत नाहीस. म्हणून पत्र. चौकातल्या चहावाल्या यमुनाबाई चहा गाळता गाळता म्हणाल्या, "हडपसरहून वाघोलीला पोस्टानं? सायकलवर गेलास तर पत्राच्या आधी पोचशील की." खरं आहे. पण समोर आल्यावर मला नीट बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. लिहिताना निदान खोडता येतं.

आधी कामाचं. रतनच्या बहिणीचं, मुक्ताईचं पत्र आलंय. १२ डिसेंबरला रतनला जाऊन वर्ष होईल. त्या दिवशी ती आणि त्याची आई चंद्रभागाबाई गावाहून पुण्याला येणार आहेत. त्यांची एकच मागणी आहे. तिचेच शब्द उतरवतो: "त्या दिवशी चौकातल्या फळ्यावर भाऊचं नाव पुन्हा लिहावं. ज्या दादांनी तेव्हा लिहिलं त्यांनीच लिहावं, असं आईचं म्हणणं आहे." कारण लिहिलेलं नाही. मी पत्र दोन्ही बाजूंनी तपासलं.

ते दादा म्हणजे तू.

तुला सगळं माहीत आहे. तरी मी क्रमाने लिहितो, कारण क्रमाने लिहिल्याशिवाय मला विचार करता येत नाही. आणि तुझा क्रम आणि माझा क्रम एकच आहे का, हेही एकदा पाहायचं आहे.

गेल्या वर्षी गुरुवारी दुपारी गाडीतळाजवळ टँकरने रतनच्या सायकलला उडवलं. आपण त्याच्या गावच्या पीसीओवर फोन करून निरोप ठेवला की रतनला जरा लागलंय, निघून या. सगळे असंच सांगतात, म्हणून आपणही सांगितलं. चंद्रभागाबाई रात्रीच्या बसने निघाल्या. पहाटे तो गेला. दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी तुला म्हणालो, "मी शिवाजीनगर स्टँडवर जातो, त्यांना उतरवून घेतो. तू हडपसरला जा, तिकडचं बघ." आणि फळ्यावरचा मजकूर कागदावर लिहून दिला. नेहमीसारखाच. शुद्धलेखन माझं, अक्षर तुझं. मंडळातला कोणी गेला की तासाभरात फळा लागलाच पाहिजे, ही आपल्या चौकाची रीत. शेजारच्या मंडळाचा फळा आपल्याआधी लागला तर आपली पोरं आठ दिवस मान खाली घालून फिरायची.

तू फळा लिहिलास. रतन तुझ्याच खोलीत राहणारा, भावासारखा, तू त्याचं नाव साधं लिहिणार नव्हतासच. लाल खडूने अक्षर, पिवळ्याने कड, मागे सावली. तीन अक्षरं, हातभर उंच. माझी 'भावपूर्ण श्रद्धांजली' खाली पांढऱ्यात, बारीक.

मी शिवाजीनगरला उभा होतो. बस आली, त्या उतरल्या नाहीत. कंडक्टर म्हणाला, "हडपसरच्या मावशी ना? त्यांना खराडीलाच उतरवलं, तिथून जवळ पडतं." चांगल्या मनाने उतरवलं होतं त्याने. त्या टमटम करून सरळ चौकात आल्या.

त्यांना वाचता येत नाही. पण रतनने दिवाळीच्या सुट्टीत त्यांना स्वतःचं नाव ओळखायला शिकवलं होतं. र, त, न. काना नाही, मात्रा नाही. यमुनाबाईंनी पाहिलं ते असं, की एक बाई टमटममधून उतरली, फळ्यासमोर थांबली आणि हसली. मग शेजारच्या पेपरवाल्याला म्हणाली, "बापू, हे माह्या पोराचं नाव हाये. काहून लिहिलं? बक्षीस भेटलं का त्याले काही?" आणि पेपरवाल्याने खालची ओळ वाचली.

मी पोचलो तेव्हा त्या यमुनाबाईंच्या बाकावर बसल्या होत्या. पिशवी मांडीवर.

आता तू म्हणशील, तेराव्यानंतरच्या सभेचं लिही. लिहितो. पोरं विचारायला लागली, फळा कोणी लिहिला, कोणाला विचारून लिहिला. सगळ्यांना माहीत होतं. मी अध्यक्ष. मी उठून ठराव मांडला, 'यापुढे फलक अध्यक्षांच्या लेखी परवानगीशिवाय लिहू नये.' टाळ्या वाजल्या. मला वाटलं, एक नियम केला की पुन्हा असं होणार नाही. मजकूर मी दिला होता, हे मी बोललो नाही. तू उठलास, चप्पल घातलीस आणि गेलास. दुसऱ्या दिवशी खोलीही सोडलीस.

पुढच्या शुक्रवारपासून तीन दिवस मी शनिवार पेठेत एका शिबिराला चाललो आहे. युवक मंडळांच्या प्रमुखांना नेतृत्वाचं प्रशिक्षण. अर्जावर लिहिलं: विदर्भातून कामाला आलेल्या मुलांचं मंडळ, सभासद बावीस, अध्यक्ष कोंडीराम, शिक्षण बारावी नापास, नोकरी स्टोअरकीपरचा मदतनीस. 'अध्यक्षपदाची निवड कशी झाली?' या रकान्यात काय लिहावं सुचेना. शेवटी खरं लिहिलं, 'हिशेब नीट ठेवतो म्हणून.'

बारा तारखेला ये. हो किंवा नाही एवढं तरी कळव.

तुझा,
कोंडीराम


रविवार, २८ नोव्हेंबर २००४, दुपारी साडेतीन
शनिवार पेठ, शिबिराच्या सभागृहाच्या पायऱ्या

प्रिय संपत,

शिबिर आत्ताच संपलं. बसला अजून वेळ आहे म्हणून इथेच लिहितो.

एकूण चाळीसेक मुलं होतो. कोणाचं ढोलपथक, कोणाचं रक्तदानाचं मंडळ, कोणाची कबड्डी. बहुतेकांची निवड माझ्यासारखीच. एकाने सांगितलं, "आधीचा अध्यक्ष बंगळुरूला नोकरीला गेला, जाताना माझ्या गळ्यात हार घालून गेला." सगळे हसले, पण नंतर कळलं की निम्म्यांची गोष्ट तीच आहे.

पहिल्या दिवशी एका सॉफ्टवेअर कंपनीतले सलिल सर आले होते. माणूस चांगला. प्रत्येकाचं नाव लक्षात ठेवलं. कोंडीरामचं त्यांनीही 'केआर' केलं, तेव्हा क्षणभर वाटलं तुम्ही कोणीतरी मागून हाक मारली. त्यांनी टाइम मॅनेजमेंट शिकवलं, देणगी कशी मागावी ते शिकवलं. कोणाची चूक सांगायची असेल तर आधी त्याचं काहीतरी चांगलं सांगायचं, मग चूक, मग पुन्हा काहीतरी चांगलं. मी उतरवून घेतलं. मग विचार करत बसलो की त्या सकाळी मी चंद्रभागाबाईंना आधी चांगलं काय सांगितलं असतं.

संध्याकाळी एक छापील कागद दिला. 'आपणांस कोणत्या विषयांत प्रशिक्षणाची गरज वाटते?' सभाधीटपणा, हिशेब, संगणक, निधी उभारणी, वाद मिटवणे. समोर चौकोन. खाली 'इतर' आणि एक रिकामी ओळ. मी त्या ओळीत लिहिलं, 'आईला सांगणे.'

शिबिर चालवतात त्या मंदाकिनीबाई. निवृत्त मुख्याध्यापिका, इथल्याच पेठेतल्या. पहिल्या दिवशी आम्ही कोणीतरी खुर्च्या मांडेल म्हणून वाट पाहत उभे होतो तर म्हणाल्या, "सगळे अध्यक्षच आहेत वाटतं. खुर्च्या मांडायला सभासद मागवू का?" तेव्हापासून सगळे त्यांना टरकून होते. काल सकाळी त्यांनी मला हाक मारली. कागद हातात.

"आपण कोंडीराम? अक्षर बेताचं आहे, पण लेखन शुद्ध आहे. हे काय लिहिलंय? कोणाच्या आईला? काय सांगणे?"

मी सांगितलं. उभ्यानेच, जवळजवळ तुला मागच्या पत्रात लिहिलं तसंच. त्यांनी मधे एकदाही 'अरेरे' म्हटलं नाही. शेवटी विचारलं, "मंडळात माणसं किती?"

"बावीस."

"बावीस. आणि एक मुलगा खराडीला, एक शिवाजीनगरला आणि एक चौकात, असे तीन उभे करता आले नाहीत?"

मी म्हणालो, "सुचलं नाही, बाई."

"सुचत नाहीच. आग लागल्यावर कोणाला सुचतं? म्हणून आधी शिकायचं." मग चष्मा काढून पुसला. "हे शिकवता येत नाही असं म्हणून आम्ही सुटतो. उद्या देणगीचा दुसरा तास होता. तो रद्द. देणग्या तुम्ही तशाही गोळा करता."

आज सकाळी त्यांनी सभागृहाच्या मधोमध एक खुर्ची ठेवली. स्वतःची कापडी पिशवी घेऊन बाहेर गेल्या आणि दारातून परत आल्या. तीच मंदाकिनीबाई, पण चाल वेगळी. रात्रभर प्रवास केलेल्या बाईची. आणि पहिल्या रांगेतल्या मुलाला म्हणाल्या, "बाळा, आमचा मुलगा इथेच राहतो. लागलंय म्हणून कळलं. कुठे आहे तो?"

त्याला सांगायचं होतं की मुलगा गेला. एवढंच. तो म्हणाला, "काकू, आधी बसा, चहा घ्या."

"चहा नको रे. मुलगा कुठाय?"

"काकू, येतीलच आता सगळे..." आणि तो हसला. घाबरला की माणूस हसतो. दुसरा मुलगा म्हणाला, "परिस्थिती जरा नाजूक आहे." बाई म्हणाल्या, "म्हणजे बरा होईल ना?" तो म्हणाला, "हो." आणि लगेच हाताने तोंड झाकलं. तिसरा ढोलपथकाचा, अंगाने दांडगा. तो उठून सरळ बाहेर निघून गेला आणि अर्धा तास आलाच नाही.

मग माझी पाळी. त्या माझ्याकडे बघत होत्या. पिशवी दोन्ही हातांनी धरलेली. संपत, मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही, पिशवीकडेच बघत होतो. म्हणालो, "मावशी, रतन गेला. आज पहाटे. मी त्याच्याजवळ होतो."

बाई मधल्या खुर्चीवर बसल्या. मी पुढे काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला. आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "बास. आता काही बोलायचं नाही. समजावायचं नाही, देवाचं नाव घ्यायचं नाही. जवळ खाली बसायचं. त्या विचारतील तेवढ्याचंच उत्तर द्यायचं." मग सगळ्यांना म्हणाल्या, "लिहून घ्या. एक सांगणारा, एक पाणी आणणारा, एक बाकीच्या जगाला थोपवून धरणारा. आणि आईला कळेपर्यंत फळा, पेपर, फोन, कशालाही हात लावायचा नाही."

सगळ्यांनी लिहून घेतलं. मी लिहिलं नाही. मला ते आता पाठच झालं आहे, एक वर्ष उशिरा.

बस आली. पुढच्या रविवारी मी वाघोलीला येतो. सायकलवरच.

कोंडीराम


सोमवार, ६ डिसेंबर २००४, सकाळी सहा
हडपसर

संपत,

काल भेटलास. पाच मिनिटं का होईना, भेटलास.

मी तुला खडीच्या क्रशरवर शोधत होतो आणि तू माझ्या समोरच उभा होतास, पण ओळखू आला नाहीस. पापण्यांसकट सगळा पांढरा झाला होतास. ट्रकच्या खेपा मोजायच्या आणि कागदावर रेघा मारायच्या, एवढंच काम करतोस म्हणालास. पाटीवर अक्षरसुद्धा काढत नाहीस. तुझ्या मुकादमाने विचारलं, "पाहुणे कोण?" तू म्हणालास, "साहेब आहेत. लेखी परवानगी देतात."

मग मला म्हणालास, "केआर, ठराव आणलायस का सोबत? का तो मागून पोस्टानं येणार?"

याचं उत्तर मला परतताना खराडीच्या पुलावर दम खायला थांबलो तेव्हा सुचलं, पण तिथे ऐकायला तू नव्हतास.

आणि तू शेवटी म्हणालास ते. "त्या बाईला माझ्याकडून अजून काय पाहिजे? एकदा लिहिलं ते पुरलं नाही का? मला तिच्यासमोर उभं करून सगळ्यांसमोर विचारायचं असेल तिला, की का लिहिलंस. मी येणार नाही."

मलाही तीच भीती आहे. मुक्ताईच्या पत्रात कारण नाही. पण असं बघ, विचारायचं असेल तर त्यांनी मला विचारावं. मजकूर माझा होता.

शुक्रवारी सभा आहे. त्यानंतर लिहीन.

कोंडीराम


शुक्रवार, १० डिसेंबर २००४, रात्रीच्या जेवणाआधी
हडपसर

संपत,

सभा झाली. अठरा आले.

फळ्याचा विषय निघताच अभिनव म्हणाला, "केआर, फळ्याचा जमाना गेला रे. फ्लेक्स टाकू. फोटोसकट, कलर, दोन तासांत मिळतो. कंपनीत माझा मित्र डिझाइन करून देईल." दोन-चार जणांनी माना हलवल्या. मी म्हणालो, "मावशींनी फोटो मागितला नाही. त्यांच्याकडे फोटो आहे. त्यांनी नाव मागितलंय." अभिनव म्हणाला, "मग नाव कोण काढणार? तू? तुझ्या अक्षराला तर स्टोअरमधले उंदीरपण हसतात." सगळे हसले. मीही हसलो.

मग मी उभा राहिलो. गेल्या वर्षीचा ठराव वाचला आणि तो रद्द करावा असं मांडलं. आणि म्हणालो, "त्या दिवशी फळ्यावर काय लिहायचं ते मी कागदावर लिहून दिलं होतं. संपतने फक्त उतरवलं. 'तिकडचं बघ' एवढंच सांगून मी निघून गेलो. काय बघायचं ते सांगितलं नाही. हे सगळं इतिवृत्तात जसंच्या तसं घ्या."

अभिनवच म्हणाला, "हे वर्षभर का नाही बोललास?"

मी म्हणालो, "येत नव्हतं बोलायला."

जुना ठराव रद्द झाला. टाळ्या मी वाजवू दिल्या नाहीत. आधीच्या सभेला वाजल्या होत्या, तेवढ्या पुरे. इतिवृत्ताचं पान तुला पाठवत नाही. तू पुन्हा म्हणशील, पोस्टानं ठराव आला.

रविवारी त्यांची बस सकाळी साडेसातच्या सुमारास येईल. खडू आणून ठेवलेत.

कोंडीराम


सोमवार, १३ डिसेंबर २००४, संध्याकाळी सात
हडपसर

प्रिय संपत,

कालचा दिवस क्रमाने लिहितो.

शिवाजीनगरला एक मुलगा उभा केला, चौकात दोघे, आणि खराडीला मी स्वतः. सकाळी सहापर्यंत तुझी वाट पाहिली. मग फळ्यावर मीच लिहिलं. फक्त 'रतन'. पांढऱ्या खडूने, साधं. रंगीत खडू बाहेरच काढले नाहीत. सावली कशी देतात ते मला येत नाही आणि त्या नावावर प्रयोग करायची हिंमत झाली नाही. खाली काही लिहिलं नाही. 'त' जरा वाकडा आला. दोनदा पुसून पाहिला, पुन्हा वाकडाच आला.

त्या खराडीलाच उतरल्या. चंद्रभागाबाई वाळल्या आहेत. मुक्ताईने हात धरला होता. मी पाया पडलो आणि टमटममध्ये बसायच्या आधी सांगून टाकलं, "मावशी, तो आला नाही. मी लिहिलंय. त्याच्यासारखं नाही आलं." त्या टमटममध्ये चढून बसल्या.

चौकात उतरल्यावर त्या फळ्यासमोर उभ्या राहिल्या. पोरं लांब थांबली होती, मी तसं सांगून ठेवलं होतं. यमुनाबाईंनी स्टोव्ह बंद केला, आवाज नको म्हणून. मी त्यांच्याजवळ खाली कट्ट्यावर बसलो आणि वाट पाहिली की आता विचारतील.

त्या म्हणाल्या, "मांगच्या बारीले लय मोठ्ठं होतं."

मी म्हणालो, "हो, मावशी."

"लाल होतं. सणासारखं." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "थ्या दिवशी रातभर गाडीत जीव नोयता माह्या अंगात. इथं उतरली न् पाह्यलं, पोराचं नाव एवढं मोठ्ठं, रंगानं लिहिलेलं. म्हटलं, लागलंबिगलं काही नाही, माह्यं पोरगं पुण्यात मोठा माणूस झालं. पेपरवाल्यानं वाचेस्तोवर मी लय खुश होती. थेवढंच पाहाले आली होती परत."

मुक्ताई दुसरीकडे तोंड करून उभी होती.

संपत, वर्षभर आपण दोघं ज्या गोष्टीवरून एकमेकांशी बोललो नाही, ती त्या बाईने जपून ठेवली होती. तिच्यासाठी ती एवढीच शिल्लक आहे.

मग त्यांनी विचारलं, "थो पोरगा काहून नाही आला? रागावला का माह्यावर?"

मी म्हणालो, "नाही मावशी, त्याला वाटतं तुम्ही रागावलात."

त्यांनी पिशवीतून भुईमुगाच्या शेंगांचं गाठोडं काढून यमुनाबाईंकडे दिलं. "थ्याले द्या. रतनच्या खोलीत हाच पोरगा होता ना? चिठ्ठीत लिवायचा रतन याचं नाव. आणि सांगा, लय चांगलं लिहिलं होतं म्हणा."

जाण्याआधी त्यांनी फळ्याला हात लावला. वाकड्या 'त'वरून बोट फिरवलं आणि बोटाला लागलेला खडू पदराला पुसला. पदरावर पांढरा डाग राहिला. मुक्ताई झटकायला गेली तर म्हणाल्या, "राहू दे."

मी त्यांना घेऊन शिवाजीनगरला गेलो. दोनची बस. गावाच्या तिकिटाचे पैसे त्यांनी मला काढू दिले नाहीत. खिडकीशी बसल्यावर मी सांगितलं, "बस वाघोलीवरूनच जाते. गाव सरताना खडीच्या खाणी दिसतील, पांढरी धूळ असते. तो तिथे कामाला आहे." त्यांनी मान हलवली. मला वाटतं, त्यांनी त्या बाजूलाच बघितलं असेल.

पण तू तिथे नव्हतास.

मी चारच्या पुढे चौकात आलो तेव्हा फळा लाल होता. माझ्या वाकड्या 'त'वर तुझा सरळ 'त' उभा होता. पिवळी कड, मागे सावली. हातभर उंच.

यमुनाबाई म्हणाल्या, "तुम्ही गेलात आणि अर्ध्या तासानं तो आला. सायकल टेकवली. आधी तुझं पुसायला हात उचलला, मग पुसलं नाही, त्याच्यावरच काढत बसला. मी म्हटलं, 'अरे, दोनची गाडी आहे, सायकल हाण, अजून गाठशील.' तर म्हणाला, 'गाठून काय बोलू?' मी निरोप सांगितला, चांगलं लिहिलं होतं म्हणून. गाठोडं पुढे केलं तर घेतलं नाही. म्हणाला, 'ठेवा, आज नको.' चहा घेतला आणि गेला."

गाठून काय बोलायचं, ते मला शिबिरात चाळीस जणांसमोर शिकावं लागलं. काहीच बोलायचं नव्हतं. उभं राहायचं होतं. पण हे तुला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायचं काम माझं होतं. मी तुला चार पत्रं लिहिली आणि तू यावंस एवढंच सुचवत राहिलो. शिबिरातलं कळवलं, पण आल्यावर तू काय करायचं ते लिहिलं नाही. पुन्हा 'तिकडचं बघ'.

आज सकाळी फोटोवाल्याला आणून फळ्याचा रंगीत फोटो काढला. एक प्रत मुक्ताईला पाठवतो. फळा पुसलेला नाही. आपोआप जाईल तेव्हा जाईल.

मंडळाचा काल-आजचा हिशेब खाली देतो. तुला देण्याचं कारण शेवटच्या ओळीत आहे.

खर्च
पांढरे खडू, एक डबी : ८ रु.
टमटम, खराडी ते हडपसर, तिघे : १५ रु.
बस, हडपसर ते शिवाजीनगर, तिघे : १८ रु.
बस, परतीची, एक : ६ रु.
फोटो, दोन प्रती : ५० रु.
एकूण : ९७ रु.

देणे
यमुनाबाई, चहा व पोहे : २२ रु. (त्या घेत नाहीत. तरी लिहून ठेवतो.)
संपत, लाल खडू एक, पिवळा खडू एक : २ रु.

मंडळाची रंगीत खडूंची डबी मी कपाटातून काढून पाहिली. सील तसंच आहे. म्हणजे खडू तू वाघोलीहून स्वतःचे आणले होतेस. हे दोन रुपये मनीऑर्डरने पाठवणार नाही. शेंगांच्या गाठोड्याबरोबर यमुनाबाईंकडे ठेवले आहेत.

कोंडीराम